एका काडीवर एकच

रिसेप्शन असो की कुणाची पन्नाशी, थोड्या वेळाने वेटर तबक घेऊन समोर येतोच, आणि तबकात ती काडी असते. कोंबडीचा तुकडा, हिरवी सिमला मिरची, कांद्याची पाकळी, पिवळी सिमला मिरची, अननस, पुन्हा कोंबडी आणि टोकाला लालचुटुक चेरी टोमॅटो. फोटोत ही काडी फार छान येते. मीही ती उचलते, कारण तोवर भूक लागलेली असते आणि जेवणाच्या टेबलावरची झाकणं अजून उघडलेली नसतात. पण उचलतानाच ठाऊक असतं, यातलं काहीतरी करपलेलं निघणार आणि काहीतरी कच्चं. कोंबडी नीट शिजवायची तर टोमॅटो फुटून काडीवरून ओघळतो. भाज्या करकरीत ठेवायच्या तर कोंबडी आतून गुलाबी राहते. यावर काही केटरर तोडगा काढतात: कोंबडी आधीच शिजवून ठेवायची, मग भाज्यांबरोबर ओवून पुन्हा तापवायची. ती चावता चावता जबडा दुखतो आणि समोरच्याशी हसून बोलायचंही असतं.

माझं मत साधं आहे, आणि घरात ते इतकं ऐकवून झालंय की मुलं माझ्याआधी म्हणून मोकळी होतात: एका काडीवर एकच. कोंबडीची काडी कोंबडीची, कांद्याची कांद्याची, पनीरची पनीरची. ज्याला जेवढा वेळ लागतो तेवढा त्याला द्यायचा, आणि तबकात मांडताना हवी तेवढी रंगसंगती करायची. हे मत काही मी पाककलेच्या वर्गात शिकले नाही. आमच्याकडे पार्टीला जी माणसं येतात त्यांनी ते माझ्या गळी उतरवलं.

आम्ही माहीमला राहतो. काडीवरच्या खाण्याचा आमचा दिवस ठरलेला आहे, आषाढाच्या शेवटी येणारी अमावास्या. भावोजी आणि त्यांचे मित्र तिला उघडपणे गटारी म्हणतात. सासूबाईंना तो शब्द खपत नाही, त्यांच्यासाठी ती दिव्यांची आवस. संध्याकाळी घरातल्या समया, निरांजनं, एक जुना कंदीलसुद्धा घासूनपुसून पाटावर मांडायचा, रांगोळी, हळदकुंकू, आणि नैवेद्याला कणकेचे गोड दिवे, वर साजूक तूप. पूजा आटोपली की त्याच घरात तासाभराने खिम्याच्या सळया. यात कुणाला काही विसंगत वाटत नाही. दुसऱ्या दिवशी श्रावण लागणार असतो, त्यामुळे देव आणि माणसं दोघंही त्या रात्री जरा समजूतदार असतात.

येणाऱ्यांची यादी बघा. सासूबाईंनी आषाढी एकादशीपासून चातुर्मास धरलेला असतो, म्हणजे कांदा, लसूण आणि वांगं बंद. वरच्या मजल्यावरच्या भाभी जैन. त्यांना कांदा-लसूण तर नाहीच, पण आलं नाही, बटाटा नाही, जमिनीखालचं काहीच नाही. शिवाय चौमासात त्या सूर्यास्तानंतर तोंडात काही घालत नाहीत. मुंबईत त्या दिवसांत सूर्य सव्वासातच्या आसपास मावळतो. म्हणजे भाभींची काडी पावणेसातला तयार पाहिजे, आणि भावोजी तर नऊच्या आधी उगवत नाहीत. आले की त्यांना मटण हवं. पनीर दिसलं की ‘हे आजारी माणसाचं जेवण’ म्हणतात. मुलांची मित्रमंडळी येते, ती कॅमेऱ्याला दाखवून मगच खाते. आता या सगळ्यांना एकाच काडीत कसं ओवणार?

म्हणून आमच्या घरात विस्तवाचा क्रम लागलेला आहे. आधी भाभी, मग सासूबाई, मग कोलंबी आणि कोंबडी, सगळ्यात शेवटी मटण. जाळी सुरुवातीला कोरी करकरीत, चिमटा वेगळा, ब्रश वेगळा, आणि भाभी हात धुऊन उठेपर्यंत मटणाचं भांडं फ्रीजमधून बाहेर निघत नाही. इतकं पाळल्यावर त्या आमच्याकडे खातात. त्यांच्या नात्यातल्या बऱ्याच जणी एवढं पाळूनही खाणार नाहीत, आणि त्याचाही आम्हाला राग नाही. मुंबईत अशा इमारती आहेत जिथे मासे खाणाऱ्याला घर मिळत नाही. तिथे जाऊन राहण्याची हौस आम्हाला नाही, इतकंच.

भाभींच्या पनीरने मला जेवढं शिकवलं तेवढं कुठल्याच मटणाने नाही. टिक्क्याच्या मसाल्यात दही आणि भाजलेलं बेसन घालतात, त्याने मसाला तुकड्याला धरून राहतो. मी तसं भिजवायला घेतलं तेव्हा भाभी म्हणाल्या, “बेन, आ तो द्विदल थाय.” कच्चं दही आणि डाळीचं पीठ एकत्र त्यांना चालत नाही. मग बेसनाऐवजी काजूची पूड घातली, आल्याऐवजी सुंठ, लसणीऐवजी हिंग आणि जरा जास्त जिरं. पनीर पूर्वीपेक्षा चांगलं झालं. लसूण नसल्यामुळे कसुरी मेथीला बोलायला जागा मिळाली. तीच काडी सासूबाईंनाही चालते, त्यामुळे दोन भांडी कमी लागतात. पनीर मात्र मसाल्यात अर्ध्या-पाऊण तासापेक्षा जास्त ठेवण्यात काही अर्थ नाही. मसाला त्याच्या आत शिरतच नाही, पृष्ठभागावर बसतो. रात्रभर मुरवलेलं पनीर हे जाहिरातीतलं वाक्य आहे.

मसाला धरून ठेवायचा तर दही घट्ट हवं. इथे मराठी स्वयंपाकघराला फार काही शिकवायला लागत नाही. श्रीखंडासाठी चक्का टांगून ठेवायची सवय आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या आहे. तोच चक्का, फक्त साखरेऐवजी तिखट. पातळ दही वापरलं की सगळा मसाला काडीवरून गळून ट्रेमध्ये जमतो आणि तुकडे उकडल्यासारखे फिके होतात. आणखी एक गोष्ट: काश्मिरी मिरचीची पूड कोरडीच दह्यात ढवळू नये. दोन चमचे तेल कोमट करून त्यात ती भिजवावी, मग चक्क्यात मिसळावी. रंग तेलात सुटतो, आणि कच्चा तिखटपणा जातो. पुस्तकांत या जागी मोहरीचं तेल लिहिलेलं असतं. आमच्याकडे ते कुणाला सोसत नाही. शेंगदाण्याचं तेल घालते आणि कुणी विचारलं तर सांगते, हे माहीमचं आहे, दिल्लीचं नाही.

भाज्यांचं मीठ शेवटी. हे कळायला पाकशास्त्र लागत नाही, कोशिंबीर केलेली कुठलीही बाई सांगेल. मीठ लागलं की सिमला मिरची, मशरूम, काकडी सगळ्यांना पाणी सुटतं, आणि पाणी सुटलेली भाजी विस्तवावर भाजली जात नाही, वाफवली जाते. मांसाचं नेमकं उलटं आहे. त्याला मीठ आधी, निदान तासभर आधी, म्हणजे आत मुरतं. बघा, इथेच एका काडीची अडचण सुरू होते, विस्तव पेटायच्याही आधी.

भाज्यांमध्ये मला हॉटेलची ठरावीक त्रिकुटं आवडत नाहीत. कोनफळ वापरून बघा. उकडून, चौकोनी तुकडे करून, तेल-तिखट-मीठ-आमचूर लावून काडीवर लावलं की बाहेरून खमंग होतं, आतून जांभळं आणि मऊ. पण कोनफळ खरं थंडीतलं. आषाढात दादरच्या मंडईत मिळालंच तर नशीब. सुरण मिळतो. तो आमसुलाच्या पाण्यात उकडावा, म्हणजे घशाला खाज सुटत नाही, आणि आमसुलाची आंबट चव आत राहते ती वेगळीच. पावसाळ्यात मक्याची कणसं भरपूर. त्याच्या बोटभर जाड चकत्या करून आडव्या ओवायच्या. आख्खा बटाटा काडीवर लावणाऱ्यांना मी ओळख दाखवत नाही.

आता कोंबडी. दुकानात नुसतं बोनलेस म्हटलं की छातीचं मांस मिळतं. ते पांढरंशुभ्र असतं, तुकडे एकसारखे पडतात, आणि विस्तवावर दोन मिनिटं जास्त झाली की त्याचा चोथा होतो. मांडीचं मागावं. आमचे दुकानवाले चाचा त्यावर दरवेळी कुरकुर करतात, “दीदी, संडे को हड्डी निकालने को मत बोलो, लाइन देखो पीछे,” आणि मग काढूनही देतात. मांडीत चरबी असते, त्यामुळे ती चूक पोटात घालते. किलोभर मांडीच्या मांसाचे साधारण 25 ग्रॅमचे तुकडे केले तर 40 निघतात. चार-चार ओवले की 10 काड्या. तुकडे एकमेकांना चिकटून गच्च बसवू नयेत, मधे चिमूटभर फट हवी, नाहीतर जिथे दोन तुकडे भिडतात तिथे कच्चं राहतं. कोंबडी आतून 74 अंश सेल्सिअसला पोचली की निर्धास्त. आजकाल टोचायचा थर्मामीटर सहज मिळतो. तो वापरण्यात कमीपणा वाटणारे लोक मग प्रत्येक काडीचा एक तुकडा फाडून बघतात, आणि पाहुण्यांना फाडलेल्या काड्या देतात.

मटणाची बोटी हा वेगळाच मामला. आपल्याकडे मटण म्हणजे बोकड, आणि बोकडाचं मांस चिवट आणि कमी चरबीचं. त्याला कच्च्या पपईशिवाय गत्यंतर नाही. पपईच्या चिकात पपेन नावाचं पाचक द्रव्य असतं, ते प्रथिनं तोडतं. साल न काढता वाटलेली कच्ची पपई किलोला मोठा चमचाभर, दोन-तीन तास, बास. लोक ‘मऊ झालं पाहिजे’ म्हणून रात्रभर ठेवतात. पण पपेनचं काम फ्रीजमध्ये हळू चालतं आणि 60-70 अंशांना सगळ्यात जोरात. म्हणजे खरा कारभार तुकडा तापायला लागल्यावर होतो. रात्रभर ठेवलेलं मटण विस्तवावर चढलं की वरून पिठूळ होतं आणि काडीवरून सुटून निखाऱ्यात पडतं. ताज्या अननसातही असंच द्रव्य असतं, ब्रोमेलिन. त्यामुळे कोंबडीला खेटून अननस ओवला आणि काड्या सकाळीच तयार करून ठेवल्या, तर जिथे अननस टेकलाय तिथली कोंबडी संध्याकाळपर्यंत लगदा झालेली असते. डब्यातला अननस असं करत नाही, कारण डबाबंद करताना तो तापवलेला असतो. स्वागत समारंभातल्या त्या रंगीत काडीत कोंबडी एका बाजूने का भुसभुशीत लागते, त्याचं उत्तर हे.

पण माझा खरा जीव खिम्यात. सीख कबाब घरी करायला लोक घाबरतात, कारण तो सळईवरून गळून पडतो. पडतो याची कारणं दोन-तीनच असतात. एक म्हणजे पाणी. कांदा किसून घातला की त्याचं पाणी खिम्यात उतरतं. कांदा बारीक चिरून, मीठ लावून, फडक्यात घट्ट पिळून घ्यावा. वाटीभर पाणी निघतं, बघून आश्चर्य वाटतं. कोथिंबीर, पुदिना धुऊन पुरते कोरडे करावेत. दुसरं, मळणं. खिम्यात मीठ घालून तो कणकेसारखा मळावा लागतो. मिठामुळे मांसातलं चिकट प्रथिन सुटतं आणि तेच खिम्याला धरून ठेवतं. अंडं, पाव, मैदा यांची गरज लागत नाही. ज्याला मळायचा कंटाळा तो अंडं घालतो. पाच-सात मिनिटं मळल्यावर खिमा हाताला ओढ देऊ लागतो, पातेल्याच्या कडेला चिकटतो. तेव्हा झाला. आणि हे सगळं थंडगार खिम्यावर. हाताच्या उबेने चरबी वितळली की मळण्याचा उपयोग उरत नाही, म्हणून मधेच पातेलं फ्रीजमध्ये ढकलायचं.

चरबीचंही तसंच. बोकडाच्या मांडीचा खिमा एकटा भाजला तर कोरडा होतो. किलोला दोनशे ग्रॅम चरबी हवी, गुर्द्याभोवतीची असेल तर उत्तम. चाचांना सांगायचं, “चरबी डालके मशीन से दो बार निकालो.” डाएट करणारे या वाक्याला दचकतात. त्यांनी त्या रात्री सुरण खावा. मसाला म्हणाल तर आलं-लसूण, हिरवी मिरची, भाजलेलं धणे-जिरं, थोडा गरम मसाला, जरासं जायफळ आणि मूठभर डाळ्याचं पीठ, जे उरलंसुरलं पाणी पिऊन टाकतं. कबाबचिनी लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत मिळते. चार दाणे कुटून घातले तर वास वेगळाच येतो, पण नसली म्हणून अडत नाही. भावोजींना वाटतं सगळ्यात मालवणी मसाला घातला की झालं. त्यांना घालू द्यावा एका वाटीत. वाईट लागत नाही, पण मग तो खिमा भाकरीबरोबर खावासा वाटतो आणि काडीचं प्रयोजन संपतं.

तिसरं कारण सळई. गोल सळईवर खिमा फिरतो: सळई वळवली तरी कबाब जागच्या जागी राहतो आणि त्याची तीच बाजू भाजत राहते. चपटी सळई हवी. आमच्या कुर्ल्याच्या लोहाराकडून करून घेतल्यात, बोटभर रुंद. घरी तेवढं नसेल तर बांबूच्या गोल काड्यांच्या नादी लागू नये. आईस्क्रीमच्या चपट्या लाकडी काड्या स्टेशनरीच्या दुकानात गठ्ठ्याने मिळतात, त्यांवर बोटभर लांबीचे छोटे कबाब थापावेत आणि तव्यावर तेल सोडून परतावेत. पार्टीला तेच बरे. एका हातात ग्लास असतो, दुसऱ्या हातात काडी मावते आणि ताटली शोधावी लागत नाही. बाल्कनीत गवती चहाचं बेट असेल तर त्याचा जाडसर बुंधा काडी म्हणून वापरून बघा. खिम्याला आतून वास लागतो.

कोलंबीबद्दल थोडक्यात, कारण तिला वेळही थोडाच लागतो. मध्यम कोलंबी एका बाजूने दोन मिनिटं, दुसऱ्या बाजूने दीड. ती इंग्रजी सी अक्षरासारखी वळली की काढा, पुरता ओ झाला तर उशीर झाला. एका काडीऐवजी दोन समांतर काड्यांत ओवली की गरगर फिरत नाही. मसाल्यात लिंबू शेवटी. बोंबील काडीवर लावायचा विचारही करू नये, त्याच्यात पाण्याशिवाय दुसरं आहे काय? सुका बोंबील मात्र निखाऱ्यावर नुसता भाजून, ठेचून, कांदा-लिंबू-तेल घालून या पार्टीत ठेवला तर सगळ्यात आधी तो संपतो.

मांस टोचून निखाऱ्यावर भाजणं आपल्याकडे बाहेरून आलं असा एक समज आहे. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराने लिहवलेल्या ‘मानसोल्लासा’त शुळावर भाजलेल्या मांसाच्या कृती आहेत, काळजाचे सुपारीएवढे तुकडे निखाऱ्यावर भाजून दह्यात किंवा मोहरीच्या रसात घालायचं त्यात सांगितलं आहे. सुपारीएवढे! नऊशे वर्षांपूर्वीच्या त्या आचाऱ्याला पार्टीचं माप बरोबर कळलं होतं. एका घासात जाईल एवढंच.

हे माप आज पाहायचं तर भेंडी बाजार, बोहरी मोहल्ल्याकडे रात्री जावं. लांबट शेगडीवर सायकलच्या तारेसारख्या बारीक सळया ओळीने मांडलेल्या असतात, कलेजी, गुर्दा, खिरी (म्हणजे जनावराची कास), प्रत्येकाची सळई निराळी. कलेजी क्षणभर जास्त राहिली की कडक होते हे तिथल्या पोराला झोपेतही कळतं. रमजानात मिनारा मशिदीच्या परिसरात हाच धूर मजलाभर वर चढतो. कुलाब्यात ताजच्या मागच्या गल्लीत 1946 पासून बडेमियाँच्या शेगडीवर सीख फिरतायत, आणि गाडीच्या बॉनेटवर कागद पसरून ते खाणारी माणसं मी कॉलेजपासून बघत आले आहे. शीव कोळीवाड्यात फाळणीनंतर पंजाबी निर्वासित वसले आणि तंदूर तिकडूनही शहरात पसरला. मग 2006 साली पाली हिलला टेबलाच्या मधोमध शेगडी ठेवणारं बार्बेक्यू नेशनचं पहिलं हॉटेल सुरू झालं आणि आपला मध्यमवर्ग स्वतःची काडी स्वतः फिरवायला शिकला. तिथेही बघा, काड्या वेगवेगळ्याच येतात.

कोळशाचं काय करायचं, हा मुंबईकराचा खरा प्रश्न. 2025 च्या जानेवारीत उच्च न्यायालयाने शहरातल्या लाकूड-कोळशावरच्या भट्ट्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनावर यायला सांगितलं, आणि पालिकेने हॉटेलांच्या कोळशाच्या तंदूरनाही नोटिसा धाडल्या. खवय्यांनी गळा काढला. माझ्या भाच्याला दमा आहे, त्यामुळे मला नीट रडू आलं नाही. शिवाय धुराची जी चव आपण म्हणतो ती मुळात कोळशाची नसतेच फारशी. चरबी आणि मसाला निखाऱ्यावर ठिबकतो, जळतो, आणि तो धूर तुकड्याला लागतो. ठिबकायला जागा ठेवली तर गॅसच्या जाळीवरही तिचा अंश मिळतो.

आमच्या सोसायटीने गच्चीवर शेगडी पेटवायला मनाई केली आहे. बाल्कनीला सरकत्या काचा आहेत, आणि बंद बाल्कनीत कोळसा पेटवणं हा निव्वळ वेडेपणा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, चक्कर येईपर्यंत कळत नाही. त्यात आषाढातला पाऊस, कोळसा दमट. म्हणून आम्ही ओटीजी, म्हणजे विजेचा छोटा ओव्हन, वापरतो. वरची कॉइल लाल होऊ द्यायची, पारा 230 पर्यंत, ट्रेच्या दोन्ही कडांवर काड्या आडव्या टेकवायच्या म्हणजे तुकडे अधांतरी राहतात आणि खाली ठिबकतं. बांबूच्या काड्या अर्धा तास पाण्यात भिजवाव्यात असं सगळे सांगतात. भिजवाव्यात, पण टोकं तरीही काळी होतात, तिथे फॉइलचा तुकडा गुंडाळावा. धुराची हौस असेल तर शेवटी मोठ्या पातेल्यात सगळ्या काड्या ठेवून मधे वाटीत एकच पेटता निखारा, त्यावर लवंग आणि चमचाभर तूप, आणि झाकण. खिडकी मात्र उघडी. तीन मिनिटांत काढायचं. दहा मिनिटं ठेवलं तर कबाबाला पोस्टाच्या लाखेचा वास येतो.

या निखाऱ्याभोवती घरातले सगळे पुरुष जमतात. वर्षभर गॅसचं बटण कुठल्या बाजूला फिरतं हे ज्यांना माहीत नसतं ते अचानक चिमटा हातात घेऊन सूचना देऊ लागतात. “वहिनी, अजून एक मिनिट,” “वहिनी, आता फिरवा.” कांदा मी पिळला, चक्का मी टांगला, चाचांशी हाडांवरून मी वाद घातला, फोटोत चिमटा त्यांच्या हातात. नवऱ्याला हे बोलून दाखवलं तर तो म्हणाला, “अगं, पण भांडी मी घासतो ना!” घासतो, हे खरं आहे. मसाला लागलेल्या सळया घासणं हे खिमा मळण्यापेक्षा कठीण काम आहे, आणि ते न्यायाने त्याच्याकडेच आहे.

चटणीचा एक शब्द. पुदिना, कोथिंबीर, मिरची, आमसूल किंवा कैरीचा शेवटचा तुकडा, आणि थोडं दही. कांद्याच्या चकत्यांवर मीठ-लिंबू-चाट मसाला. मेयोनीज घरात आहे, मुलं घेतात, मी दुसरीकडे बघते.

उरला हिशेब किती करायचं याचा. पुढे जेवण असेल तर माणशी साधारण शंभर-सव्वाशे ग्रॅम मांस पुष्कळ होतं. एरवी थोडं जास्त केलं तर दुसऱ्या दिवशी पोळीत गुंडाळून डब्याला जातं. गटारीला ती सोय नाही. रात्री बारानंतर घरात मांसाहाराचा तुकडा राहता कामा नये, फ्रीजमध्येसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी सासूबाई त्याच फ्रीजमधून नैवेद्याचं दूध काढणार. म्हणून साडेअकराला मी काड्या मोजते आणि भावोजींकडे बघते. ते पोटावर हात ठेवून नाही म्हणतात. मुलांच्या मित्रांतला एक मुलगा, वसईचा, दारापाशी बूट घालत असतो. “काकू, मी श्रावण पाळत नाही,” तो म्हणतो, “आणि माझ्याकडे डबा आहे.” डबा उघडून बघते तर आधीच अर्धा भरलेला. कधी भरला, कोणास ठाऊक. खिमा, बोटी आणि कोंबडी त्यात नीट वेगवेगळ्या कप्प्यांत लावलेली असतात.